पुकाऱ्यातली तीट

"चाचा! ओ चाचा, थांबा जरा!"

चिमाजीला काही ऐकू गेले नाही. तो हंड्याच्या बुडावर हातोडी मारत होता, आणि उभी तांबट आळी त्या वेळी तेच करत होती. शेवटी त्या तरुणाने पुढे होऊन हंड्यावर आपली सावली पाडली, तेव्हा चिमाजीने मान वर केली.

"कोण रे तू?" तो ओरडला. रागावला नव्हता. जन्मभर हातोडीच्या आवाजात बसलेला माणूस ‘पाणी दे’ म्हणतो तेही असेच.

"मी शौकत. टांगेवाल्या निसारचा शौकत."

चिमाजीने हातोडी खाली ठेवली. मांडीवरचा हंडा बाजूला सारला आणि बसायला पोते पुढे केले. "निसारचा? अरे, तुझी मुंज... तुझं ते हे नव्हतं झालं तेव्हा पाहिलेलं तुला. बस, बस. केवढा झालास!"

शौकत हसला आणि बसला. पंचविशीचा, सडसडीत, खाकी कोट घातलेला. कोटाला पेट्रोलचा वास होता. त्र्यंबकच्या रस्त्यावर बाळाजीशेठच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारी धावत, त्यांतली एक तो चालवत असे.

"चाचा, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. मग चिमाजीने कानाला हात लावलेला पाहून आवाज चढवून म्हणाला, "अब्बांना तुम्ही कसं पुकारायचात?"

चिमाजीचा कानावरचा हात खाली आला. किती वर्षे झाली, हे त्याला कुणी विचारले नव्हते.

त्याचे असे आहे. मोटारी येण्याआधी नाशकात दर पौषात टांग्यांची शर्यत होई. पौषात लग्ने नसतात, वरातीची भाडी बंद असतात, टांगेवाले आणि त्यांची घोडी दोघेही बसून आळसावलेली असतात. म्हणून पौष. त्र्यंबक नाक्यावरून निघायचे, सातपूर गावच्या वडाला वळसा घालून परत यायचे. आणि निघण्याआधी एकेका टांगेवाल्याचा पुकारा व्हायचा. एका पालथ्या घंगाळावर उभा राहून पुकारा करणारा, म्हणजे पुकाऱ्या, त्या माणसाची सगळी ओळख गर्दीला सांगायचा: कुणाचा कोण, घोड्याशी कसा वागतो, रस्त्याशी कसा, माणसांशी कसा. आणि सगळ्यात शेवटी त्याची एक खोट. ही खोट म्हणजे तीट. एवढे गुण गर्दीपुढे सांगितले, दृष्ट लागेल. तर बाळाच्या गालाला लावतात तसा एक काळा ठिपका पुकाऱ्यालाही हवा. खोट खरी असली पाहिजे, हा नियम. खोट्या तिटेने दृष्ट उतरत नाही.

पुकाऱ्या म्हणून चिमाजीला निवडले ते त्याच्या आवाजासाठी. तांबटाचा आवाज हातोडीवर चढलेला असतो. पण पुढेपुढे लोक शर्यतीसाठी कमी आणि पुकाऱ्यासाठी जास्त येऊ लागले. शर्यतीच्या आधी आठवडाभर चिमाजी हातोडी टाकून तबेल्या-तबेल्यातून हिंडायचा, टांगेवाल्यांच्या घरी जेवायचा, त्यांच्या बायकांशी बोलायचा, घोड्यांपाशी उभा राहायचा. वत्सलाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, ‘माझा एक गुण विचारला तर सांगता यायचा नाही, आणि त्या टांगेवाल्यांचे मात्र पाढे पाठ.’ ती बिचारी गेली, शर्यतही गेली. मोटारींनी त्र्यंबकचा रस्ता खाल्ला, टांगे स्टेशनापुरते उरले. टांगेवाल्यांतले जवळजवळ सगळे वारले, त्यांत निसारही. आता लोक शर्यतीविषयी बोलत ते असे: अमकी मोटार चाळीस मैलांनी हाणली. कुणी हाणली, म्हणून विचारावे तर कुणालाच ठाऊक नसे. चिमाजीला याचे फार वाईट वाटे. माणूस एवढा जीव मुठीत घेऊन गाडी पळवतो, आणि त्याच्याबद्दल सांगायला ह्यांच्याकडे फक्त एक आकडा!

"उठून उभा राहा," चिमाजी शौकतला म्हणाला आणि स्वतःही उभा राहिला. मग त्याने छातीत श्वास भरला. शेजारच्या दुकानांतल्या हातोड्या आपोआप थांबल्या.

"आला, निसार आला! नजीर भिस्त्याचा निसार! चाबूक दाखवतो, लावत नाही! वळणावर लगाम खेचत नाही, नुसता खोकतो. घोडी त्याचा खोकला ओळखते! कुत्रं आडवं आलं तर शर्यत हरेल, पण त्याच्यावर चाक घालणार नाही! आणि तीट ऐका: शर्यतीआधी निंबामागं जाऊन ओकतो हा वाघ!"

आळीतले म्हातारे हसले, एक-दोघांनी ‘वाहवा’ केली. शौकतच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते लपवायचे त्याच्या ध्यानात राहिले नव्हते.

"अम्मी सांगते, पण तिला सगळं आठवत नाही," तो म्हणाला. मग कामाचे बोलला. "चाचा, मोटारींची शर्यत आहे. पौषातच. सगळे सर्व्हिसवाले मिळून करतायत, जाहिरातीसाठी. बाळाजीशेठ म्हणतात पुकाऱ्याला तुम्हालाच बोलवायचं."

चिमाजीला त्या रात्री जेवण गेले नाही, इतका आनंद झाला.

रोज दिवेलागणीला सावळीराम त्याच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसे. हा जुना टांगेवाला. घोडा विकल्यापासून त्याला दिवस खायला उठत. चिमाजीला मूल नाही, सावळीरामचे मुंबईला, तेव्हा दोघांना दोघे. सावळीराम माणूस सोन्यासारखा, पण त्याला एखादी गोष्ट सांगणे आणि दवंडी पिटणे सारखेच. शर्यतीची बातमी चिमाजीने त्याला सांगितली आणि सकाळपर्यंत ती गंगेपलीकडे पंचवटीत पोचली.

शर्यतीच्या आठवड्यात बाळाजीशेठच्या कारकुनाने चिमाजीला एक कागद आणून दिला. त्यावर मोटारींचे नंबर, त्यांची विलायती नावे आणि हॉर्सपॉवर. ड्रायव्हरांची नावे नव्हती.

"माणसं कुठायत?" चिमाजी ओरडला.

"कसली माणसं? मोटारींची शर्यत आहे, चिमाजी."

चिमाजीने कागद घडी करून खिशात घातला आणि जुन्या रिवाजाने ड्रायव्हरांना भेटायला निघाला. पण हे ड्रायव्हर कुठले कुठले. कुणी मनमाडचा, कुणी पंजाबी, कुणी देवळालीच्या छावणीतून सुटलेला. हा म्हातारा आपल्या घरच्या गोष्टी का विचारतो आहे, हे त्यांना कळेना. एकाने तर पोलिसाचा माणूस समजून त्याला हाकलून दिले. उरला एक शौकत.

शौकतच्या घरी अमिनाने, म्हणजे निसारच्या बायकोने, त्याला ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. "भाऊ, तेव्हाही हेच खाल्लं होतं तुम्ही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चिमाजी शौकतच्या शेजारी बसून त्र्यंबकला जाऊन आला. आणि त्याने पाहिले. मोटार सुरू केली की शौकतचे दोन्ही हात थरथरत. पहिला मैल जाईपर्यंत चक्रावर ते पानासारखे हलत, आणि मग एकदम थांबत. त्यानंतर घाट असो, बैलगाड्यांची रांग असो, हात दगडासारखे.

"रोज असंच?" चिमाजीने विचारले.

"रोज," शौकत लाजून म्हणाला. "मागं बसलेली माणसं मनात येतात हो. पोरंबाळं असतात. एकदा गाडी हातात आली की जातं ते. कुणाला माहीत नाही, चाचा."

"निसारचाच आहेस," चिमाजी म्हणाला. त्याला गुण तर मिळाले होतेच, आता तीटही मिळाली. तो खुशीत घरी आला.

शर्यतीच्या दिवशी नाक्यावर ही गर्दी. गेल्या वर्षी बादशहाच्या रौप्यमहोत्सवालाही एवढे लोक जमले नव्हते. चिमाजीच्या हातात कुणीतरी पत्र्याचा भोंगा दिला, तो त्याने शेजारच्याकडे देऊन टाकला. बाकीच्या मोटारींचे नंबर त्याने वाचून दाखवले, अगदी बेचव. मग शौकतची मोटार पुढे आली आणि चिमाजी घंगाळावर ताठ झाला.

"आला, शौकत आला! टांगेवाल्या निसारचा शौकत! मोटारीशी भांडत नाही, तिला समजावतो! ह्यानं ब्रेक लावला तर म्हातारीच्या मांडीवरचं दही हलत नाही! आत कुणी झोपलं असेल म्हणून दार हळू लावतो! सवारी उतरली तरी ती रस्ता ओलांडेपर्यंत बघत राहतो! आणि तीट ऐका: पहिला मैल जाईस्तो ह्याचे हात थरथरतात!"

जुन्या लोकांनी टोप्या उडवल्या. शौकतने चक्रावरचा एक हात उचलून कपाळाला लावला. तो हात थरथरत होता आणि तो हसत होता. शर्यत त्याने जिंकली. धुरळ्यातून सगळ्यात आधी त्याचीच मोटार परत आली, आणि चिमाजीला वाटले, आपण मेलो तरी आता हरकत नाही.

आठ-दहा दिवसांनी सावळीराम फळीवर येऊन बसला, तोच बातमी घेऊन.

"निसारच्या पोराला गाडीवरून उतरवला, ठावं हाय का?"

"काय?"

"मोटारी धुतोय. बाळाजीशेठ चक्राला हात लावू देत नाय. दुसऱ्या सर्व्हिसचे दलाल हायेत ना, ते स्टँडवर वरडत्यात: ‘त्या गाडीत बसू नका, डायवरचे हात थरथरत्यात! म्हणे पुकाऱ्यानंच सांगितलंय!’ बायाबापड्या भेत्यात. कोण बसंल?"

तीट सांगून आजवर कुणाचे वाईट झाले नव्हते. निसार ओकत असे, हे ऐकून लोक त्याच्याच टांग्यात बसायला धडपडत. पण निसारचा टांगा निसारचा होता, घोडी त्याची होती. त्याला उतरवणार कोण? शौकतच्या मोटारीला मालक होता. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही? चिमाजीने स्वतःच्या तोंडात मारून घेतले. खरोखरच मारून घेतले, आणि सावळीराम घाबरला.

सकाळी तो बाळाजीशेठकडे गेला. शेठ गादीवर बसून सुपारी कातरत होते. माणूस दुष्ट नव्हता, दुकानदार होता.

"माझा तुमच्यावर राग नाही, चिमाजी," शेठ म्हणाले. "पोरगा चांगला चालवतो, मी का आंधळा आहे? पण लोक तुमच्या शब्दाला मानतात, तिथंच तर वांधा झालाय. चिमाजी पुकाऱ्यानं सांगितलं म्हणजे खरंच असणार, म्हणतात."

"खरंच आहे ते. पण त्यानं काही होत नाही. पहिल्या मैलानंतर—"

"हे तुम्ही प्रत्येक सवारीला समजावून सांगणार का?"

शेठने अडकित्ता खाली ठेवला.

"एक करा. स्टँडवर उभे राहा आणि सांगा, मी ते बनवून सांगितलं म्हणून. तुम्ही घातलं, तुम्हीच काढा."

"खोटं सांगू?"

"आणि नुसतं शौकतचं नाही चालायचं. लोक विचारतील, बापाचं खरं आणि पोराचंच खोटं कसं? सगळेच पुकारे जुळवलेले असायचे, असं सांगा. मजेसाठी. म्हणजे विषय संपला. उद्यापासून पोरगा गाडीवर."

चिमाजी बाहेर आला. आवारात शौकत गुडघ्याएवढ्या बादल्यांनी पाणी ओतत मोटारीची चाके धूत होता. त्याने सगळे ऐकले होते. चिमाजीशी बोललेले आवारभर ऐकू जाई.

"चाचा, नका करू," तो जवळ येऊन म्हणाला. "मी मालेगावला जाईन, दुसरं काम बघीन. अब्बांचं तेवढंच राहिलंय. फोटोसुद्धा नाही त्यांचा आमच्याकडं."

चिमाजीकडे तरी दुसरे काय होते? ज्या माणसांना त्याने पुकारले त्यांतला एक सावळीराम सोडला तर सगळे मातीत गेले होते. कुठे लिहिलेले नाही, छापलेले नाही. चिमाजी तांबट खोटे पुकारत नाही, एवढ्या एका भरवशावर ती माणसे लोकांच्या तोंडी अजून चालत होती, खोकत होती, कुत्रे वाचवत होती.

"तुझा बाप मेलाय," तो शेवटी म्हणाला, आणि हे त्याला कुजबुजून म्हणायचे होते, पण जमले नाही. "त्याला आता गाडी चालवायची नाही. तुला चालवायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारी सुटायच्या वेळेला तो स्टँडवर गेला. घंगाळ नेले नाही. त्र्यंबकला जाणारी यात्रेकरू मंडळी, दलाल, चणेवाले, आणि जुने ओळखीचे चेहरे. सावळीरामही होता, अशा ठिकाणी तो नसेल असे होणे नाही. चिमाजीने छातीत श्वास भरला. लोक थांबले.

"शौकतचे हात थरथरतात असं मी पुकारलं," तो म्हणाला, "ते खोटं. मी जुळवून सांगितलं. पुकारा रंगावा म्हणून."

"मग निसारचं ते ओकणं?" दलालांपैकी एकाने विचारले.

चिमाजीने मोटारीकडे पाहिले नाही. शौकत तिथे उभा होता.

"तेही."

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळं. सगळं जुळवलेलं असायचं."

गर्दीत हशा पिकला. "आयला, आणि आमचा बाप शपथेवर सांगायचा!" कुणीतरी म्हणाले. "बनेल आहे म्हातारा," दुसरा म्हणाला, कौतुकानेच म्हणाला. पाच मिनिटांत लोकांचे लक्ष उडाले आणि जो तो आपापले बोचके सांभाळू लागला. बाळाजीशेठने खूण केली, शौकत चक्रापाशी जाऊन बसला. मोटार भरली. ती चिमाजीच्या समोरून हळूहळू निघाली तेव्हा त्याला दिसले की शौकतने खांद्यावरची शाल पुढे ओढून दोन्ही हातांवर घेतली आहे.

चिमाजीने गर्दीत सावळीरामला शोधले. तो निघून गेला होता.

दिवसभर चिमाजीने काम केले. आळीत कुणी काही बोलले नाही. बोलले असेल तर त्याला ऐकू आले नाही. सावळीरामकडे जावे आणि खरे ते सांगून टाकावे, असे त्याच्या मनात दहादा आले. पण सावळीरामला सांगितलेले सकाळी स्टँडवर आणि दुपारी दलालांच्या तोंडी. ह्या एका माणसाला सांगता येत नाही, आणि सांगण्यासारखा दुसरा माणूस नाही. हातोडी मारता मारता त्याला रडू आले. त्याने ते येऊ दिले. तांबट आळीत रडणे कुणाला ऐकू जात नाही.

दिवेलागणीला सावळीराम आला. रोजच्यापेक्षा थोडा उशिरा, पण आला. फळीवर बसला, पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले.

"माझं बी जुळवल्यालं व्हतं का रं?" सावळीरामने विचारले.

चिमाजीने मान हलवली. हो म्हणून.

सावळीरामने पागोट्याचा सुटलेला पदर पुन्हा पुन्हा खोचला.

"असू दे," तो म्हणाला. "एकडाव म्हण. आता कोण म्हणतंय?"

"राहू दे, सावळ्या."

"म्हण रं. खोटं तर खोटं."

चिमाजी उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने एकही पुकारा बसून म्हटला नव्हता. आळीतल्या हातोड्या थांबल्या होत्या, दिवस संपला होता.

"आला, सावळीराम आला! गंगापूरचा सावळीराम! टांग्यात पोटुशी बाई बसली तर रस्त्याचा एक खड्डा तिला लागू देत नाही! घोडा जेवल्याशिवाय जेवत नाही! मागं पडला तर पुढच्याला शाबासकी देतो, आणि ती मनापासून देतो! उन्हात म्हातारं माणूस दिसलं तर गाडी थांबवतो, भाडं विचारत नाही! आणि तीट ऐका: ह्याच्या पोटात गुपित टिकत नाही!"

शेवटचे वाक्य म्हणताना चिमाजीचा आवाज फाटला, पण सावळीरामच्या ते लक्षात आले नाही. तो डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होता.

"लय झ्याक जुळवलं व्हतंस," तो म्हणाला. "मला तर आपलं खरंच वाटायचं."

चिमाजीने पुढे होऊन कंदिलाची वात सारखी केली.

"हो," तो म्हणाला.